संताच्या घरातली राणी

एक शिलेदार पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन राणीकडे आला. राणीने गाठोडं पाहिलं मात्र, ती झटकन गुडघ्यांवर बसली. राणीच खाली बसली म्हटल्यावर शिलेदारानेही समोर गुडघे टेकले. दोघं तशीच एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी राणी म्हणाली, अहो उठा, पवित्र अवशेष हातात असताना तुम्ही गुडघे टेकायचे नसतात. शिलेदार गोंधळून म्हणाला, अवशेष कुठले बाईसाहेब, आमच्या मालकांनी लोकरी कापड पाठवलंय. राणी आणि तिच्या सख्या हसत सुटल्या. ज्याने आपल्याला चार ताग्यांपुढे दंडवत घालायला लावला, त्या मालकाचा राणीने हसत हसत उद्धार केला.

हा किस्सा तेराव्या शतकाच्या मध्याचा, क्रुसेडच्या दिवसांतला. स्थळ भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा. राणी म्हणजे फ्रान्सची मार्गरीत, माहेरची प्रोव्हान्सची. कापड पाठवणारा मालक शाँपान्यचा सरदार जाँ द ज्वाँव्हील. म्हातारपणी त्याने आपल्या राजाच्या आठवणी लिहिल्या, त्यांत स्वतःची ही फजितीही नोंदवली.

मला हा प्रसंग आवडतो तो त्यातल्या हसण्यामुळे. मार्गरीतचा नवरा नववा लुई, म्हणजे पुढे ज्याला चर्चने संत ठरवलं तो सेंट लुई. त्याने 1239 मध्ये ख्रिस्ताच्या डोक्यावरचा म्हणून सांगितला जाणारा काटेरी मुकुट विकत घेतला. कॉन्स्टँटिनोपलच्या कंगाल दरबाराने तो व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण टाकला होता. तो सोडवायला 135000 लिव्र मोजले गेले, असं सांगतात. मग तो ठेवायला पॅरिसमध्ये सँत-शापेल बांधलं, त्याचा खर्च 40000. देऊळ स्वस्त, मूर्ती महाग. अशा घरात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीही आलं की बायकोचे गुडघे आपोआप वाकणारच. पण चूक कळल्यावर ती ओशाळली नाही, खळखळून हसली. लुईच्या चरित्रांत तो कितीदा रडला याच्या नोंदी पुष्कळ सापडतात. हसण्याची ही नोंद तिची आहे.

मार्गरीत 1221 ची. प्रोव्हान्सचा काउंट रेमाँ बेरेंगार आणि सव्हॉयची बेआट्रिस यांची ही थोरली मुलगी. घरात जगलेला मुलगा नाही, मुली चार, आणि चौघीही राण्या झाल्या. मार्गरीत फ्रान्सची. दुसरी एलेनोर 1236 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला दिली. तिसरी सांशिया हेन्रीच्या भावाला, कॉर्नवॉलच्या रिचर्डला. तो पुढे जर्मनांचा राजा म्हणून निवडला गेला आणि 1257 मध्ये आखेनला तिलाही मुकुट मिळाला. धाकटी बेआट्रिस लुईच्या सर्वांत धाकट्या भावाला, आँजूच्या शार्लला. ती 1266 मध्ये सिसिलीची राणी झाली. या सोयरिकींची ख्याती एवढी की दान्तेने आपल्या महाकाव्यात, स्वर्गाच्या सहाव्या सर्गात, त्यांचा उल्लेख केला. पण श्रेय दिलं ते काउंटचा कारभारी रोमे याला. मुलींच्या नशिबाचं श्रेय कारभाऱ्याला देण्याची रीत फक्त आपल्याकडचीच नव्हे.

लग्न 27 मे 1234 ला साँस शहरात झालं. तो वीस वर्षांचा, ती जेमतेम तेराची. दुसऱ्या दिवशी तिचा राज्याभिषेक. लग्नानंतरच्या पहिल्या तीन रात्री लुईने प्रार्थनेत घालवल्या. बायबलमधल्या तोबियासच्या कथेतला तो नेम. पुढेही लेंट, अ‍ॅडव्हेंट, सणांच्या आदल्या रात्री आणि आठवड्यातले ठरावीक वार वर्ज्य असत. राजाचा धर्मगुरू जोफ्र्वा द बोल्यू याने नोंदवून ठेवलं आहे की वर्ज्य दिवशी पत्नीच्या सहवासात मन चाळवलं, तर राजा उठून खोलीत येरझाऱ्या घालायचा. राजा हे पुण्यकर्म करत असताना पलंगावर बसलेल्या माणसाला काय वाटत होतं, याची चौकशी जोफ्र्वाने केलेली नाही. तरीही या दांपत्याला अकरा मुलं झाली. तेव्हा राजाचे नेम कडक असले, तरी संसार कोरडा नव्हता.

आता सासू. ती आल्याशिवाय मार्गरीतची गोष्ट कोणी सांगतच नाही. ब्लांश, कॅस्टीलची राजकन्या, आक्वितेनच्या एलेनोरची नात. नवरा 1226 मध्ये गेला तेव्हा लुई बारा वर्षांचा होता. बंडखोर सरदारांना पुरून उरत तिने राज्य सांभाळलं. अशा बाईला सूनही राज्यातला एक संभाव्य फितूरच वाटली असावी. दिवसाउजेडी मुलगा आणि सून एकत्र दिसलेली तिला खपत नसत. म्हणून या दोघांचा आवडता वाडा पोंत्वाजचा. तिथे राजाची खोली वर, राणीची खाली, आणि दोन्ही जोडणारा चक्री जिना. नवरा-बायको गप्पा मारायला त्या जिन्यात भेटत. सासूबाई वरच्या खोलीकडे येताना दिसल्या की द्वारपाल काठीने दार ठोकत आणि राजा धावत वर जाई. त्या सुनेच्या खोलीकडे निघाल्या की खालच्या दारावर काठी वाजे आणि राणी खाली पळे. फ्रान्सचा राजा, पूर्ण वयात आलेला, जिन्याच्या पायऱ्यांवर बायकोला चोरून भेटतो आहे!

हसू येतं खरं. पण त्याच पानावर ज्वाँव्हीलने दुसरी गोष्ट लिहिली आहे, तिथे हसू विरतं. एका बाळंतपणात मार्गरीतच्या जिवावर बेतलं होतं. लुई तिच्याजवळ बसला होता. ब्लांश आली, मुलाचा हात धरला आणि तुझं इथे काही काम नाही म्हणून त्याला उठवून न्यायला लागली. मार्गरीतने हंबरडा फोडला, की जिवंतपणी नाही आणि मरतानाही नाही, तुम्ही मला माझ्या धन्याला बघूच देणार नाही का! आणि ती बेशुद्ध पडली. ती गेलीच असं समजून लुई परत फिरला. इथे मला ब्लांशपेक्षा लुईचा राग येतो. सासूचा जाच सगळ्यांना दिसतो, कारण तो नाट्यमय असतो. आईने हात धरल्यावर उठून चालू लागणारा मुलगा मात्र मातृभक्त ठरतो, आणि पुढेमागे संतही.

संतांच्या बायका आपल्याला नव्या नाहीत. तुकोबांच्या आवलीला आपण शतकानुशतकं कजाग ठरवलं आणि मग एकेका पिढीने थोडाथोडा न्याय दिला. मार्गरीतवरही इतिहासकारांनी असेच शिक्के मारले आहेत: महत्त्वाकांक्षी, हेकट, माहेरची ओढ असलेली, सासूचा मत्सर करणारी. हे शिक्के पूर्ण खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. पण ते लावण्याआधी दमिएता पाहायला हवं.

1248 च्या ऑगस्टमध्ये लुई एग-मोर्त बंदरातून क्रुसेडवर निघाला, मार्गरीत बरोबर गेली. सायप्रसमध्ये हिवाळा काढून 1249 च्या जूनमध्ये फौज इजिप्तला उतरली आणि नाईलच्या मुखाजवळचं दमिएता जवळजवळ न लढताच हाती आलं. पुढचं सगळं उलटं झालं. मन्सूरा इथे राजाचा भाऊ रोबेर आततायीपणे शहरात घुसला आणि मारला गेला. फौजेत रोगराई पसरली. 1250 च्या एप्रिलमध्ये लुई, उरलेले दोन भाऊ आणि सगळं सैन्य कैद झालं. ही बातमी दमिएताला आली तेव्हा मार्गरीतला दिवस भरत आले होते. तीनच दिवसांनी ती बाळंत झाली.

त्या तीन दिवसांबद्दल ज्वाँव्हील लिहितो की तिचा डोळा लागला की खोलीत शत्रू घुसल्याचा भास होई आणि ती किंचाळून उठे. पोटातल्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून एक ऐंशी वर्षांचा शिलेदार पलंगापाशी तिचा हात धरून बसवला होता. ती ओरडली की तो म्हणे, भिऊ नका, मी आहे. कळा सुरू होण्याआधी तिने बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, त्या म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकले आणि एक मागणं मागितलं. शहर पडलं, तर शत्रूने धरण्याआधी त्याने तिचं डोकं उडवावं. म्हातारा म्हणाला, मी ते आधीच मनाशी ठरवून ठेवलं होतं.

मुलगा झाला. नाव ठेवलं जाँ, आणि त्या दुःखाची आठवण म्हणून त्रिस्ताँ. पण त्याच दिवशी दुसरी बातमी आली: पिसा आणि जेनोआचे खलाशी, व्यापारी शहर सोडून निघाले होते. इथे परिस्थिती नीट समजून घ्यायला हवी. दमिएता हेच लुईच्या सुटकेचं मोल होतं. सैन्यासाठी खंडणी वेगळी. राजाच्या स्वतःच्या देहाच्या बदल्यात सुलतानाला शहर हवं होतं. जहाजवाले निघून गेले, तटावर माणसं उरली नाहीत, तर शहर फुकट जाणार आणि मग राजाला सोडवायला हातात काहीच नाही. मार्गरीतने दुसऱ्या दिवशी त्या इटालियन पुढाऱ्यांना आपल्या बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं. राजाचं भलं बघवत नसेल तर या तान्ह्याकडे बघा, म्हणाली. निदान मी उठेपर्यंत तरी थांबा. ते म्हणाले, इथे उपाशी मरू. व्यापाऱ्यांशी नुसत्या विनवणीवर बोलणं पुरं होत नाही हे तिला कळत असावं. तिने शहरातलं सगळं धान्य विकत घेण्याचा हुकूम सोडला आणि आजपासून तुमचा खर्च राजाकडे, असं सांगून त्यांना थांबवलं. ज्वाँव्हील या खरेदीचा आकडा 360000 लिव्रच्या वर देतो. आकडा फुगवलेला असेल. पण सगळ्या फौजेची खंडणी 400000 लिव्रला तुटली होती, हे लक्षात घेतलं की त्याला ही खरेदी केवढी मोठी वाटली ते कळतं.

तिकडे कैदेत वाटाघाटी चालल्या असताना लुई म्हणाला, राणी पैसे देईल की नाही ते मला माहीत नाही, तिला विचारावं लागेल. ती माझी स्वामिनी आहे. समोरच्यांना नवल वाटलं. पण महिनाभरातच नवल वाटायचं कारण उरलं नाही. त्यांच्याच गोटात एका बाईने सूत्रं हाती घेतली होती. सुलतान सालिह अय्यूब 1249 च्या नोव्हेंबरमध्ये वारला, तेव्हा त्याची बेगम शजर-अद-दुर हिने मृत्यू लपवून लढाई चालू ठेवली. मे 1250 च्या सुरुवातीला मामलुक म्हणजे गुलाम सैनिकांनी नव्या सुलतानाला, तूरानशाहला, ठार मारलं आणि तिलाच गादीवर बसवलं. सुमारे ऐंशी दिवस तिच्या नावाचा खुत्बा वाचला गेला, तिच्या नावाची नाणी पडली. म्हणजे दमिएताचा ताबा शत्रूकडे गेला त्या दिवसांत एका बाजूला बाळंतीण राणी होती आणि दुसऱ्या बाजूला विधवा बेगम. इतिहासाच्या पुस्तकांत या दोघींची नावं एका परिच्छेदात क्वचित येतात. शहर सोपवायचं म्हणून मार्गरीतला पुरती सावरण्याआधीच उठावं लागलं आणि जहाजाने अक्कोला जाऊन नवऱ्याची वाट पाहावी लागली.

यानंतर चार वर्षं ही मंडळी भूमध्य समुद्राच्या त्या पूर्व किनाऱ्यावर राहिली. तिथे मार्गरीतला आणखी दोन मुलं झाली, प्येर आणि जाफाला जन्मलेली ब्लांश. मुलीला सासूचं नाव. त्या सासूच्या मृत्यूची बातमी 1253 मध्ये पोचली. लुई दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मार्गरीतही रडत होती. ज्वाँव्हील तिला भेटायला गेला आणि जिवाभावाच्या माणसालाच साधेल अशा फटकळपणे म्हणाला, ज्या बाईचा तुम्ही सर्वांत जास्त द्वेष केलात ती गेली, आणि तुम्ही एवढा शोक करताय? तिने आढेवेढे घेतले नाहीत. मी तिच्यासाठी रडत नाही, राजाला होणाऱ्या दुःखासाठी रडते, असं ती म्हणाली. आणि फ्रान्समध्ये राहिलेली माझी इझाबेल आता पुरुषांच्या हाती पडली म्हणून. दुसरं कारण मला फार खरं वाटतं. ती सासूला ओळखून होती. आजी म्हणून तिच्याकडे मुलगी निर्धास्त होती.

याच काळातल्या राजाविषयीही ज्वाँव्हीलने एक वाक्य लिहून ठेवलं आहे, ते संतचरित्रात बसणारं नाही. पाच वर्षं मी राजाजवळ होतो, असं तो म्हणतो, पण बायको-मुलांबद्दल तो कधी माझ्याशी बोलला नाही. आणि आपल्या माणसांशी असं परक्यासारखं वागणं मला बरं वाटलं नाही. राजावर निस्सीम प्रेम करणाऱ्या माणसाचा हा शेरा आहे, म्हणून मी त्याला जास्त वजन देतो.

1254 मध्ये परतताना सायप्रसजवळ जहाज वाळूवर आदळलं, मग वादळ उठलं. दायांनी विचारलं, मुलांना उठवायचं का? मार्गरीत म्हणाली, उठवू नका, झोपेतच देवाकडे जाऊ द्या. दुसऱ्या एका रात्री दासीच्या निष्काळजीपणाने मेणबत्तीवरून कापडाला आग लागली. राणी जागी झाली, अंगावर वस्त्र नसताना उठली, पेटतं कापड उचलून समुद्रात फेकलं आणि बाकीची आग विझवली. वादळ आलं तेव्हा ज्वाँव्हीलने तिला सुचवलं की लोरेनमधल्या सेंट निकोलसला यात्रेचा नवस बोला. ती म्हणाली, बोलले असते, पण राजा असा विचित्र आहे की त्याच्या परवानगीवाचून नवस केला असं कळलं तर तो मला जाऊच देणार नाही. जहाज फुटायची वेळ आली आहे, आणि बाईला चिंता परवानगीची. शेवटी पाच मार्क वजनाचं चांदीचं जहाज देण्याचा नवस बोलला, त्याला ज्वाँव्हील जामीन राहिला. पॅरिसला पोचल्यावर तिने ते घडवून घेतलं: त्यात चांदीचा राजा, चांदीची राणी, तीन मुलं, खलाशी, डोलकाठी, सुकाणू. ज्वाँव्हील ते घेऊन लोरेनला अनवाणी चालत गेला.

त्या वर्षी नाताळच्या सुमारास पॅरिसमध्ये चारही बहिणी आईसह एकत्र जमल्या. या भेटीतून वाढलेली जवळीक 1259 च्या पॅरिसच्या तहापर्यंत गेली. इंग्लंड-फ्रान्सचं जुनं वैर निदान एका पिढीपुरतं निवळलं. त्याचं श्रेय लुईच्या शांतिप्रियतेला मिळालं. बहिणी-बहिणींचा पत्रव्यवहार त्यामागे किती होता, याचा हिशेब कमी लोकांनी केला आहे.

आणि आता ती गोष्ट, जी तिच्याविरुद्ध नेहमी काढली जाते. थोरला मुलगा 1260 मध्ये वारला. वारस झालेल्या फिलिपकडून तिने गुपचूप शपथ घेववली: तिसाव्या वर्षापर्यंत आईच्या सल्ल्याने वागेन, तिच्याविरुद्ध असलेला सल्लागार नेमणार नाही, शार्ल काकाशी हातमिळवणी करणार नाही, आणि या शपथेबद्दल कोणाला सांगणार नाही. 1263 मध्ये पोप चौथ्या उर्बानने फिलिपला त्यातून मोकळं केलं. प्रकरण लाजिरवाणं होतं, यात शंका नाही. पण ब्लांशने जे शपथेशिवाय, केवळ धाकाने आयुष्यभर मिळवलं, तेच ही लिहून घेऊ पाहत होती. राज्यकारभाराचं शिक्षण तिला त्याच घरात मिळालं होतं, आणि राजा जवळ नसला तर काय होतं ते तिने दमिएतात पाहिलं होतं. लुईला मात्र तिच्यावर भरवसा ठेवावासा वाटला नाही. 1270 मध्ये तो पुन्हा क्रुसेडवर निघाला तेव्हा राज्य सँ-देनीचा मठाधिपती मात्य द वाँदोम आणि सिमाँ द नेल यांच्या हाती दिलं. ब्लांशला मिळालेली जागा मार्गरीतला मिळाली नाही. शत्रूच्या मुलखात शहर राखणारी बाई पॅरिस राखायला अपुरी ठरली, हा लुईच्या कारकिर्दीतला सर्वांत कोता निर्णय आहे असं माझं मत आहे.

त्या मोहिमेने तिचं घर रिकामं केलं. ट्यूनिसजवळ ऑगस्टच्या सुरुवातीला जाँ त्रिस्ताँ गेला, वीस वर्षांचा. दमिएतात जन्मला आणि पुन्हा आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर मेला. 25 ऑगस्टला लुई गेला. परतीच्या वाटेवर जावई, सून, मग इझाबेलही. पुढची पंचवीस वर्षं मार्गरीत कशाशी झगडत राहिली? प्रोव्हान्सशी. वडिलांनी 1245 मध्ये मरताना सगळं धाकट्या बेआट्रिसला दिलं होतं, आणि थोरलीच्या हुंड्यातलं 10000 मार्कांचं वचन बहुतांश कागदावरच राहिलं होतं. म्हणून ती शार्लशी भांडली, भाच्याला, इंग्लंडच्या एडवर्डला, पत्रांवर पत्रं लिहिली, साठी ओलांडल्यावर माकाँला सरदार जमवून फौजेची तयारी केली. हाती प्रांत आला नाही. शेवटी पैशांवर तडजोड झाली. साऱ्या बहिणी तिच्या आधी गेल्या. 20 डिसेंबर 1295 ला पॅरिसमध्ये ती वारली. वीस महिन्यांनी, ऑगस्ट 1297 मध्ये, पोप आठव्या बोनिफेसने लुईला संत जाहीर केलं.

संताची चरित्रं मग भराभर लिहिली गेली. त्यांतली दोन महत्त्वाची कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेली ते पाहण्यासारखं आहे. गियोम द सँ-पात्यू हा मार्गरीतचाच धर्मगुरू. त्याला लिहायला लावलं जाफाला जन्मलेल्या ब्लांशने, तिच्या मुलीने. ज्वाँव्हीलला लिहायला लावलं नातसून जान द नाव्हार हिने. पुस्तक 1309 मध्ये पुरं झालं तेव्हा जान हयात नव्हती. घरातल्या बायकांनी आग्रह धरला म्हणून पुरुषांनी राजाची स्तुती लिहिली, आणि त्या स्तुतीत जिना, बाळंतिणीची खोली, पेटलेलं कापड आणि चांदीचं जहाज येऊन बसलं.

ज्वाँव्हीलच्या पुस्तकाची इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. सुरुवातीची राजाच्या सद्गुणांची पानं थोडी कंटाळवाणी आहेत. ती खुशाल ओलांडा आणि थेट दमिएताला उतरा.